करंगळीचं मत

दिवसातले सहा-आठ तास ज्यांची बोटं कीबोर्डवर असतात, त्यांच्यासाठी ही पुस्तिका आहे. बातमीदार, अनुवादक, वकिलांकडचे टंकलेखक, प्रोग्रॅमर, डीटीपी करणारे, प्रबंध टाइप करून देणारे, असे कितीतरी जण. यातल्या बहुतेकांनी कीबोर्ड कधी निवडलेलाच नसतो. कॉम्प्युटरबरोबर आला तो आपला, नाहीतर ऑफिसने समोर ठेवला तो. मग एखाद्या दिवशी कुणाच्या तरी टेबलावर मेकॅनिकल कीबोर्डची टक्‌टक्‌ कानावर येते, दोन ओळी टाइप करून बघितल्या जातात आणि आपल्याकडेही असा हवा असं वाटायला लागतं.

खरेदीला बसलं की समोर येतात रंग आणि आकडे. निळा स्विच, हिरवा, पांढरा, जेड, नेव्ही. 45 ग्रॅम, 50, 60, 80. रंगावरून आवाज ओळखायचा आणि आकड्यावरून कडकपणा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. साध्या स्विचपुरती ती बऱ्यापैकी चालते. टक्‌ वाजणाऱ्या, म्हणजे क्लिकी स्विचच्या बाबतीत ती फसते, आणि का फसते हे सांगणं हा या पुस्तिकेचा मुख्य हेतू आहे. छापलेला आकडा बोटाच्या वाटेवरच्या एकाच जागेबद्दल बोलतो. बोट मात्र सगळी वाट चालतं, खाली जातानाही आणि वर येतानाही. या वाटेचा शीण सगळ्यात आधी जाणवतो तो करंगळीला. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: स्विच किती कडक असावा हे तर्जनीला विचारू नका. दुकानात आपण नेमकी तर्जनीच पुढे करतो.

आधी यंत्र समजून घेऊ. ऑफिसातल्या नेहमीच्या स्वस्त कीबोर्डमध्ये बटणांखाली रबराचा एक थर असतो आणि त्यावर प्रत्येक बटणासाठी एक छोटा घुमट. बटण दाबलं की घुमट कोसळतो आणि अगदी तळाशी जाऊन संपर्क होतो. थोडक्यात, प्रत्येक अक्षरासाठी बोटाला तळ गाठावाच लागतो. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. दांड्याचा एकूण प्रवास साधारण 4 मिलिमीटर आणि अक्षर उमटतं ते वाटेत मध्यावर, 2 मिलिमीटरच्या आसपास. उरलेली वाट बोटाने चालली नाही तरी चालतं.

पण अक्षर उमटलं हे बोटाला कळणार कसं? इथे स्विचच्या तीन जाती होतात. लिनियर स्विच काहीच सांगत नाही, तो गुळगुळीत खाली जातो. टॅक्टाईल स्विच वाटेत एक उंचवटा देतो, जो बोटाला जाणवतो. क्लिकी स्विच उंचवटाही देतो आणि वाजतोही, त्यामुळे बोट आणि कान या दोघांना एकाच क्षणी खबर मिळते. ज्याला नजर कागदावर किंवा पडद्यावर ठेवून भराभर टाइप करायचं आहे त्याच्यासाठी ही दुहेरी खबर फार मोलाची आहे. मला स्वतःला हे स्विच मनापासून आवडतात आणि ही प्रस्तावना लिहिताना ती आवड मी लपवणार नाही.

या आवाजाचा उगम आयबीएममध्ये शोधावा लागतो. तिथल्या रिचर्ड हंटर हॅरिस या अभियंत्याच्या नावावर 1978 सालचं एक पेटंट आहे, वाकणाऱ्या स्प्रिंगच्या स्विचचं. बटणाखाली एका नळीत लांब बारीक स्प्रिंग उभी असते. दाबत गेलं की ती आधी निमूटपणे दबते, मग एका क्षणी तिचा तोल जातो आणि ती बाजूला वाकते. वाकताना ती नळीच्या भिंतीवर आपटते, हा झाला टक्‌ आवाज, आणि त्याच झटक्यात तळाची छोटी पट्टी कलते आणि अक्षर उमटतं. 1981 साली आयबीएमचा पीसी आला तो याच तत्त्वाचा मॉडेल एफ कीबोर्ड घेऊन. 1985 पासून आलेल्या मॉडेल एममध्ये तीच स्प्रिंग राहिली, फक्त खालचा संवेदक स्वस्त केला. दोन किलोच्या वर वजनाचा हा कीबोर्ड टेबलावरून तसूभर सरकत नाही. अमेरिकेत केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये युनिकॉम्प ही कंपनी आजही तो बनवते.

वाकणाऱ्या स्प्रिंगचं मोठेपण आवाजात नाही. आवाज, बोटाला जाणवणारा ढिलेपणा आणि अक्षर उमटणं, या तिन्ही गोष्टी तिथे एकाच घटनेतून जन्माला येतात. स्प्रिंग वाकली नाही तर अक्षर नाही आणि वाकली तर आवाज आलाच पाहिजे. खोटी खबर मिळण्याची सोयच नाही. तिला लागणारा जोर सुमारे 65 ते 70 ग्रॅमचा, म्हणजे आजच्या मानाने जडच. तरी दिवसभर त्यावर काम करणारे लोक थकल्याची तक्रार फारशी करत नाहीत, कारण वाकल्याबरोबर विरोध एकदम गळून पडतो. कडक असणं आणि थकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही.

आज बाजारात जे दिसतं ते मात्र बहुतेक जर्मन घराण्यातलं आहे. चेरी ही मुळात अमेरिकेत निघालेली आणि पुढे जर्मनीत बव्हेरियातल्या आउअरबाखमध्ये स्थिरावलेली कंपनी. तिचा एमएक्स स्विच 1983 सालचा. पेटंटची मुदत संपल्यावर कैल, गेटरॉन, आऊटेमू अशा चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच अमाप काढले, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या बहुसंख्य मेकॅनिकल कीबोर्डमध्ये यांपैकीच कुणाचे तरी स्विच असतात. जपानच्या आल्प्स कंपनीचे जुने निळे स्विच आवाजाच्या बाबतीत अनेकांना अजोड वाटतात, पण ते आता जुन्या बाजारातच सापडतात, तेव्हा त्यांच्याबद्दल इथे अधिक बोलत नाही.

चेरीचा निळा स्विच उघडून बघण्यासारखा आहे. वरचं झाकण चार खुंट्या सोडवून काढलं की निळा दांडा हातात येतो, आणि त्याच्या खालच्या भागावर एक सैल पांढरी बाही चढवलेली दिसते. सगळा खेळ या बाहीचा. दांडा खाली जायला लागतो तेव्हा बाही धातूच्या पट्टीच्या बाकावर अडते. दांडा पुढे जातो, बाही मागे राहते, जोर साठत जातो. मग बाही बाकावरून निसटते आणि तळावर आदळते. तोच टक्‌. त्याच वेळी पट्टी सुटते आणि संपर्क होतो. म्हणजे बोटाला आधी एक उंबरठा ओलांडायचा असतो आणि ओलांडल्याबरोबर पलीकडे जमीन किंचित खाली असते. पुढे या सगळ्या लिखाणात मी ‘उंबरठा’ हाच शब्द वापरणार आहे, कारण क्लिकी स्विचचा कडकपणा म्हणून जे काही आपल्याला जाणवतं ते बव्हंशी याच जागी.

आता आकड्यांचा घोळ बघा. या एकाच निळ्या स्विचला कुठे 50 ग्रॅम लिहिलेलं आढळतं तर कुठे 60. दोन्ही बरोबर आहेत. उंबरठ्याच्या माथ्यावर लागतो 60 च्या आसपासचा जोर, आणि अक्षर उमटतं त्या बिंदूला, म्हणजे उतारावर, 50 च्या आसपासचा. विक्रेता सोयीचा आकडा छापतो. एका कंपनीचा माथ्याचा आकडा आणि दुसरीचा उताराचा आकडा शेजारी शेजारी ठेवून तुलना केली की निवड चुकलीच म्हणून समजा. कुठे ग्रॅमऐवजी सेंटीन्यूटन दिसलं तर मात्र गोंधळून जायचं कारण नाही, दोन्हींत दोन टक्क्यांचाच फरक आहे.

दुसरा घोळ कडकपणा या शब्दाखाली दोन गोष्टी दडलेल्या असण्याचा. स्प्रिंग सुरुवातीलाच किती दाबून बसवलेली आहे ही एक, आणि पुढे दर मिलिमीटरला तिचा विरोध किती वाढतो ही दुसरी. समजा एक स्प्रिंग 40 ग्रॅमपासून सुरू होते आणि दर मिलिमीटरला 10 ग्रॅमने वाढते. 2 मिलिमीटरवर ती 60 आणि तळाशी 80 ग्रॅम. दुसरी लांब स्प्रिंग 54 ग्रॅमपासून सुरू होते आणि दर मिलिमीटरला फक्त 3 ग्रॅमने वाढते. 2 मिलिमीटरवर तीही 60, पण तळाशी 66. डब्यावर दोन्हींचा आकडा 60. पहिली बोटाला खाली जाऊ देताना ब्रेक लावत जाते. दुसरी सुरुवातीला ठाम वाटते आणि नंतर वाट मोकळी सोडते. यातली चांगली कुठली, हे हातावर ठरतं. जोरात आदळणाऱ्या हाताला पहिली, हलक्या हाताने वरच्यावर टाइप करणाऱ्याला दुसरी.

आणि परतीची वाट? तिच्याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. निळ्या स्विचमध्ये दांडा वर यायला लागला की बाही लगेच त्याच्याबरोबर येत नाही, जरा उशिरा उचलली जाते. त्यामुळे संपर्क तुटण्याची जागा संपर्क जुळण्याच्या जागेपेक्षा बरीच वर असते. एकच कळ पाठोपाठ दाबायची असेल, उदाहरणार्थ बॅकस्पेस, तर बोट जवळजवळ पूर्ण उचलावं लागतं. कैलच्या बॉक्स जातीच्या स्विचमध्ये बाही नाही. तिथे स्विचच्या आत कोपऱ्यात स्टीलची एक वाकवलेली तार बसवलेली असते. दांडा जाताना ती तार ढकलतो आणि सोडतो, येतानाही ढकलतो आणि सोडतो. म्हणून हे स्विच जातानाही वाजतात आणि येतानाही. बॉक्स व्हाइटमध्ये ही तार बारीक आहे. जेड आणि नेव्ही या दोन्हींत ती जाड आहे आणि दोघांत फरक आहे तो स्प्रिंगचा, नेव्हीची स्प्रिंग जड.

जेड आणि नेव्ही शेजारी ठेवून टाइप केलं तर कडकपणाबद्दलची एक महत्त्वाची गोष्ट बोटांना पटते. जाड तार दोन्ही दिशांना विरोध करते. जाताना तिला ढकलायचं काम बोटाचं. येताना तिला ढकलून दांडा वर आणायचं काम स्प्रिंगचं. स्प्रिंग हलकी असली की जाताना उंबरठा टोकदार आणि स्पष्ट लागतो, पण वर येताना बटण किंचित रेंगाळल्यासारखं वाटतं. जड स्प्रिंगमध्ये उंबरठा आजूबाजूच्या विरोधात थोडा विरघळतो, पण बटण बोटाच्या मागोमाग चटकन येतं. काही हौशी मंडळी स्विच उघडून आत आणखी हलक्या स्प्रिंगा घालतात आणि मग बटण अर्ध्यावर अडकतं म्हणून स्विचला दोष देतात. दोष स्विचचा नसतो. क्लिकी स्विचमध्ये स्प्रिंग आणि उंबरठा यांची जोडी जमवावी लागते. नुसतं हलकं करत नेण्याला इथे मर्यादा आहे.

या सगळ्यातून वाट काढायची तर मोजमाप स्वतः करता आलं पाहिजे, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. रिझर्व्ह बँकेने चलनात आणलेलं 2011 च्या मालिकेतलं सोनेरी रंगाचं पाच रुपयांचं नाणं 6 ग्रॅमचं आहे. 2019 च्या मालिकेतली नाणी वेगळ्या वजनाची आहेत, त्यांची मिसळ करू नये. अशी पंधरा-सोळा नाणी गोळा करावीत. कीबोर्डवर डाव्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण बहुधा शेजाऱ्यांपासून सुटं असतं, त्यामुळे बाहेर आलेली नाण्याची कड दुसऱ्या बटणाला टेकत नाही. त्यावर एकेक नाणं ठेवत जायचं, टाकायचं नाही, टाकलं तर आदळण्याचा जोर मोजला जाईल. नऊ नाण्यांवर बटण नुसतं दबून थांबलं आणि दहाव्याला टक्‌ करून खाली गेलं, तर उंबरठा 54 ते 60 ग्रॅमच्या मधे आहे. याहून बारीक मोजायचं असेल तर शेवटची दोन-तीन नाणी एक रुपयाची घ्यावीत, त्याच मालिकेतली, 3.79 ग्रॅमची.

लोक इथे थांबतात. पुढचं अर्धं काम जास्त महत्त्वाचं आहे. आता नाणी एकेक करून अलगद उचलायला लागा आणि कितव्या नाण्याला बटण परत वर येतं ते लिहून ठेवा. हा आकडा नेहमीच पहिल्यापेक्षा लहान असतो. बोट उचलताना स्विच आपल्याला किती मदत करतो, ते हा आकडा सांगतो. दोन आकड्यांमधलं अंतर जितकं मोठं तितकं बोटाला स्वतःच्या बळावर वर यावं लागतं. कुठल्याही जाहिरातीत हा दुसरा आकडा छापलेला मी पाहिलेला नाही. पुस्तिकेत प्रत्येक स्विचसमोर दोन रकाने आहेत ते याचसाठी.

आता मराठीत टाइप करणाऱ्यांकडे वळतो. या विषयावरचं जवळजवळ सगळं लिखाण इंग्रजी टाइप करणाऱ्या हातांना डोळ्यांसमोर ठेवून झालेलं आहे, आणि ही पुस्तिका मराठीत लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. आपली प्रमाण मांडणी इनस्क्रिप्ट. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताकडे. अल्पप्राण अक्षर साधं, महाप्राण अक्षर त्याच कळीवर शिफ्टसकट. क वर ख, त वर थ, प वर फ. मांडणी तर्कशुद्ध आहे आणि लवकर शिकता येते. पण ज, च, ट आणि ड या चारही कळा उजव्या करंगळीच्या वाट्याला आल्या आहेत. त्यांची महाप्राण भावंडं काढताना डावी करंगळी शिफ्टवर असते. म्हणजे झ, छ, ठ आणि ढ ही अक्षरं दोन्ही करंगळ्या मिळून काढतात.

‘चिठ्ठी’ हा शब्द घ्या. च उजव्या करंगळीने. ऱ्हस्व इकार डाव्या तर्जनीने. मग शिफ्ट आणि ठ. मग हलन्त, आणि इथे शिफ्ट सोडावीच लागते, कारण शिफ्टसकट ती कळ अ काढते. मग पुन्हा शिफ्ट, पुन्हा ठ. शेवटी दीर्घ ईकार. एकूण आठ दाब, त्यांतले पाच करंगळ्यांचे. इंग्रजीत असा शब्द शोधावा लागेल. मराठीत ‘ठिकठिकाणी’, ‘झाडाझडती’ असे शब्द रोजच्या मजकुरात सहज येतात, आणि ‘आणि’ या साध्या शब्दातसुद्धा आ आणि ण या दोन्हींना शिफ्ट लागतं. जुन्या टाइपरायटरच्या वळणाच्या मांडणीवर टाइप करणाऱ्यांनाही शिफ्टचं काम कमी नाही. रोमन अक्षरं टाइप करून मराठी उमटवणाऱ्यांना शिफ्ट कमी लागतं, पण अक्षरामागे दाब जास्त पडतात.

म्हणून 80 ग्रॅमचा चेरीचा हिरवा स्विच तर्जनीला कितीही दमदार आणि सुखाचा वाटला तरी मराठी टाइप करणाऱ्याने तो सगळ्या कीबोर्डभर बसवण्याआधी थांबावं. हा स्विच निळ्या स्विचच्या कीबोर्डांमध्ये स्पेसबारखाली वापरला जात असे, आणि स्पेसबार दाबतो तो अंगठा, हाताचं सगळ्यात बळकट बोट. तिथे तो शोभतो.

शिफ्टबद्दल आणखी एक. ते बटण आपण दाबून सोडत नाही, दाबून धरतो. तिथे उंबरठ्याचा जोर गौण ठरतो, तळाशी धरून ठेवायला लागणारा जोर महत्त्वाचा असतो. आणि शिफ्ट उमटलं याची खबर टक्‌ वाजवून मिळण्याची गरज कुणालाच नसते. स्विच उपटून बदलता येतील असा, म्हणजे हॉट-स्वॅप, कीबोर्ड असेल तर दोन्ही शिफ्टखाली 45 ग्रॅमचे साधे लिनियर स्विच बसवावेत, ही माझी ठाम शिफारस आहे. दोन स्विचचा खर्च किरकोळ असतो आणि फरक पहिल्याच पानात कळतो.

बोटागणिक वेगळा जोर ही कल्पना काही नवी नाही. जपानच्या टोप्रे कंपनीने रिअलफोर्स कीबोर्डांच्या एका प्रकारात ती पूर्वीच आणली. करंगळीच्या बटणांना 30 ग्रॅम, मधल्या बोटांना 45, आणि एस्केपला 55. ते स्विच वाजणारे नाहीत, त्यांची जातच वेगळी. पण त्यामागचा विचार क्लिकी स्विचलाही लागू पडतो, आणि करंगळीच्या रांगेत बॉक्स व्हाइट, बाकी ठिकाणी जेड अशी जोडणी ज्यांनी केली आहे ते पुन्हा एकसारख्या कीबोर्डकडे सहसा वळत नाहीत.

एवढं वाचून कुणी समजेल की हलकं ते चांगलं. तसं नाही, आणि याला एक मोठा अपवाद आपल्याच घरात आहे. महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिटाचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये हात घडले. गोदरेजने 1955 साली भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला, आणि पुढे कित्येक वर्षं सराव झाला तो अशाच यंत्रांवर. तिथे अक्षर उमटायला ठोकावं लागे, आणि सगळ्या बोटांनी सारखंच ठोकावं लागे, नाहीतर एक अक्षर गडद आणि एक फिकं. अशा तयार हाताला 45-50 ग्रॅमचा स्विच दिला तर बोट उंबरठा न जाणवताच तळावर आदळतं. दिवसातून हजारो वेळा टणक प्लॅस्टिकवर आदळणं हे जड स्प्रिंग दाबण्यापेक्षा जास्त त्रासाचं आहे. या मंडळींना मी वाढत जाणारा विरोध असलेला, 65 च्या पुढचा स्विच सुचवेन, बॉक्स नेव्ही किंवा शक्य असेल तर वाकणाऱ्या स्प्रिंगचा कीबोर्ड. स्प्रिंगनेच हात सावरला पाहिजे.

आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार हवा असेल तर आयएसओ 9241 च्या 1998 सालच्या चौथ्या भागात कळीच्या जोरासाठी 0.5 ते 0.8 न्यूटन ही पसंतीची मर्यादा दिली होती, म्हणजे साधारण 51 ते 82 ग्रॅम. बहुतेक क्लिकी स्विच या पट्ट्यात बसतात. पट्टा रुंद आहे, आणि त्यात आपली जागा कुठे हे आपल्या हाताने ठरवायचं आहे.

ते ठरवण्याच्या काही खुणा आहेत. बोटं नुसती टेकवली तरी अक्षरं उमटत असतील तर स्विच हलका आहे. संध्याकाळी मजकूर तपासताना च, ट, ज, ड आणि त्यांची भावंडं गळालेली दिसत असतील तर तो करंगळीला जड आहे, बाकीची बोटं काहीही म्हणोत. महाप्राण अक्षरांच्या जागी अल्पप्राण पडत असतील, ‘ठेव’च्या जागी ‘टेव’, तर शिफ्ट धरून ठेवणं कठीण जातंय. आवाज आला पण अक्षर नाही, किंवा अक्षर आलं पण आवाज नाही, असं होत असेल तर ती कडकपणाची बाब नाही. तो स्विच सदोष आहे, बदलून घ्यावा. मनगट किंवा बोट सतत दुखत असेल तर स्विच बदलत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

आवाजाबद्दल मला स्पष्ट बोललं पाहिजे, कारण या छंदातली माणसं इथे फार सोयीस्कर मौन बाळगतात. क्लिकी कीबोर्ड ही एकट्याच्या खोलीतली वस्तू आहे. चार टेबलं एकमेकांना लागून असलेल्या ऑफिसात, झोपलेल्या मुलाच्या खोलीत, ऑनलाइन मीटिंग चालू असताना तो वापरणं हा शेजाऱ्यावर अन्याय आहे. बटणांखाली रबराच्या कड्या घालून आवाज कमी होतो असं सांगितलं जातं. त्या तळाशी होणारी आदळ कमी करतात, टक्‌ला हातही लावत नाहीत. आत तेल घातलं तर टक्‌ जातो, पण मग क्लिकी स्विच घेतला कशाला? अशा जागी काम असेल तर चांगला टॅक्टाईल स्विच घ्यावा. त्यात उंबरठा मिळतो. पुस्तिकेतलं मोजमापाचं प्रकरण त्यालाही तसंच्या तसं लागू आहे.

ज्यांना पुढची पानं वाचायला सवड नाही त्यांच्यासाठी माझा कौल असा. इनस्क्रिप्टवर मराठी टाइप करणाऱ्या, मध्यम हाताच्या माणसाने उंबरठा 50 ते 60 ग्रॅमच्या दरम्यान असलेला स्विच घ्यावा, आणि परतीचा आकडा त्याच्या फार मागे नाही हे नाण्यांनी तपासावं. कीबोर्ड हॉट-स्वॅप असावा, त्यासाठी थोडे पैसे जास्त पडले तरी हरकत नाही. दुकानात सुटा एकच स्विच बोटात धरून टक्‌टक्‌ करून केलेली निवड विश्वासाची नसते. तिथे बोलते ती तर्जनी, आणि तीही दोन मिनिटं. स्वतःच्या कामाचा मजकूर, स्वतःच्या टेबलावर, निदान एक पूर्ण दिवस टाइप केल्याशिवाय कुठल्याही स्विचबद्दल मत बनवू नये.

आपल्या शहरांत असे कीबोर्ड वापरून बघायची सोय फार थोड्या दुकानांत आहे. तेव्हा ज्यांच्याकडे ते आहेत त्यांना एक विनंती: कुणी मागितला तर तुमचा कीबोर्ड दोन दिवसांसाठी द्या, आणि देताना उंबरठ्याचा आणि परतीचा असे दोन्ही आकडे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या पाठीला चिकटवून द्या.